शिकाऱ्याला शेकोटी चालत नाही

आजचा विषय सांगितला तर पुण्यातला एक मित्र हसलाच. म्हणाला, "बीड जिल्ह्यात कसली आली थंडी? तिथं तर नुसतं ऊन." त्याला म्हटलं, पौषात एकदा पहाटे चार वाजता नांदूरघाटच्या माळावर उभा राहा, मग बोलू.

मी नांदूरघाटचा, तालुका केज. आमच्याकडची थंडी हिमालयातल्यासारखी नसते, पण ती फसवी असते. हिवाळ्यात हवा कोरडी, आभाळ निरभ्र. दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी ऊब वर सोडून देते आणि ती अडवायला ढग नसतात. दुपारी 28-30 अंश आणि पहाटे 10 किंवा त्याहून खाली, हे आमच्याकडं नेहमीचं. शेजारच्या परभणीत तर पारा 5 च्या खाली गेल्याचंही आपण बातम्यांत ऐकलंय. म्हणजे एकाच माणसाला पहाटे काकडायचं असतं आणि अकरा वाजता घामाघूम व्हायचं असतं. रानात जाणाऱ्यानं कपडे तरी कोणते घालायचे?

राखणदाराचं सोपं आहे. ज्वारीच्या माळ्यावर बसला, गोफण फिरवली, खाली शेकोटी पेटवली. शिकाऱ्याला ते जमत नाही. जाळ दिसतो, धुराचा वास वाऱ्यावर पुढं जातो, आणि काळवीट काय, साधं तितरही त्या बाजूला फिरकत नाही. हालचाल करून अंग तापवावं तर तीही नको. चालत गेलं की घाम येतो, आणि घामानं ओलं झालेलं सुती कापड स्थिर बसल्यावर अंगातली ऊब खेचून घेतं. त्यात शरीराची एक खोड अशी की गारठा वाढला की ते हातापायांकडचं रक्त कमी करून पोटाछातीकडं राखून ठेवतं. जीव वाचतो, पण बोटं लाकडासारखी होतात. आणि शिकाऱ्याला बोटंच तर लागतात.

हा प्रश्न किती जुना? पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 या काळात तिथं उत्खनन केलं. साधारण तीन हजार वर्षांपूर्वी हवामान कोरडं होत गेलं, शेती आटली, चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, आणि लोक पुन्हा शिकारीवर आणि शेळ्यामेंढ्यांवर जास्त भिसार ठेवू लागले, असं मधुकर ढवळीकरांनी मांडलं. दख्खनमध्ये पाऊस रुसला की माणूस रानाकडं वळतो. 1972 च्या दुष्काळाच्या गोष्टी ज्यांनी घरात ऐकल्यात त्यांना हे वेगळं सांगायला नको.

नंतरचा पुरावा पैठणच्या सातवाहनांचा. हाल राजाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत एक शेतकरी ऐन माघात स्वतःचं पांघरूण विकून बैल घेतो. गाथेचा रोख शृंगाराकडं आहे, ते सोडा. मला त्यातला हिशेब महत्त्वाचा वाटतो. पांघरूण ही विकून बैलाच्या किमतीला हात लागेल अशी वस्तू होती! त्याच गाथांमध्ये व्याधाची बायको मोरपिसं घालून मिरवते. पुढं बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या मानसोल्लासात मृगयेवर सविस्तर प्रकरण आहे, पण ती राजाची करमणूक. राजाला ऊब द्यायला माणसं असतात. आपल्याला बघायचंय ते पोटासाठी शिकार करणाऱ्याकडं.

आमच्या भागात तो म्हणजे फासेपारधी. फास लावणारा म्हणून फासेपारधी. जनावराच्या तातीचे फास एका लांब दोरीला ओळीनं बांधायचे, खुंट्या ठोकायच्या, आणि हरणांच्या कळपाला हळूहळू तिकडं वळवायचं. बंदूक नाही, धावपळ नाही. काही पारधी शिकवलेली गाय किंवा बैल सोबत नेत. गाय चरत चरत पुढं सरकते, माणूस तिच्या आड. कळपाला गाईची भीती नसते. मला यात आणखी एक गोष्ट दिसते, ती माझी कल्पना समजा: वाऱ्याच्या बाजूला उभं असलेलं ते गरम जनावर म्हणजे चालता फिरता आडोसाच. तितर-लावऱ्यांची जाळी तर भल्या पहाटेची. दव पडलेलं गवत, अनवाणी पाय, आणि गाठ मारायची ती उघड्या बोटांनी. बोटं काखेत दाबून गरम करायची आणि पुन्हा कामाला लावायची, दुसरा उपाय काय?

आणि अंगावर? इथं येतं घोंगडं. दख्खनी मेंढीची लोकर राठ, काळी, टोचणारी. धनगरांनी कातरायची, बायांनी पिंजून सूत काढायचं, सणगरांनी खड्ड्याच्या मागावर विणायचं. सुताला चिंचोक्याची खळ लावतात, म्हणून नवं घोंगडं फळीसारखं ताठ असतं. ही लोकर मऊ नाही म्हणून आपण नावं ठेवतो, पण राठ धाग्यांत हवा कोंडून राहते, आणि ऊब धरते ती हवाच. शिवाय लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल पिऊनही हाताला ओली लागत नाही. ओल शोषताना उलट थोडी उष्णता सोडते. घामानं आणि दवानं भिजणाऱ्या माणसाला याहून काय पाहिजे? पण एकदा पुरतं भिजलं की लवकर वाळत नाही. ‘भिजत घोंगडं’ हा शब्द उगाच आला नाही मराठीत.

दुपारचा प्रश्नही तेच सोडवतं. ऊन चढलं की घडी करून खांद्यावर, पाऊस आला की खोळ, बसायला अंथरूण. मी मध्यंतरी ट्रेकिंगसाठी महागडं जॅकेट घेतलं. चांगलं आहे, पण त्याची खोळ होत नाही.

आता जे बोलायचंय ते जरा जड आहे. ज्या माणसांना रानाची एवढी जाण होती, त्यांच्यावर इंग्रजांनी 1871 च्या कायद्यानं जन्मानं गुन्हेगार असा शिक्का मारला. सोलापुरात तारांच्या कुंपणातली सेटलमेंट होती. आमचं बीड तेव्हा निजामाच्या राज्यात, पण शिक्क्याला सरहद्द कुठं असते? 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला. मग 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि काळवीट, मोर यांची शिकार हा गुन्हा ठरला. तो कायदा हवाच होता. आमच्याच जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य आहे, तिथं मोर दिसतात ते त्याच्यामुळं. पण रान बंद करताना ज्याचं पोट रानावर होतं त्याला जमीन दिली का, शाळा दिली का? फारशी नाही. आजही गावात चोरी झाली की पहिलं बोट पारध्याच्या पालाकडं जातं. मोरासाठी अभयारण्य झालं, आणि मोराला ओळखणारा माणूस गावाबाहेरच राहिला. हे मला पटत नाही, आणि ते मी या पॉडकास्टवर बोलणारच.

शिकार गेली तरी रात्रीचं रान सुटलेलं नाही. गव्हाला पाणी द्यायला थ्रीफेज लाईट रात्रीची आली की शेतकरी रात्री दोनला मोटार चालू करायला जातो. पाय पाटाच्या पाण्यात, वर निरभ्र आभाळ, लांब डोंगरावर पवनचक्क्यांचे लाल दिवे. त्याच्या अंगावर पॉलिएस्टरचं स्वेटर आणि कानाला मफलर असतो. रानडुकरांमुळं कुणी राखणीला जातं, पण त्यांना शेकोटीची मुभा आहे, एवढाच फरक.

घोंगडं मात्र आता देवघरापुढं किंवा जागरणाला दिसतं. मेंढपाळ मटणासाठी कमी लोकरीच्या, उंच माडग्याळ जातीच्या मेंढ्या ठेवू लागलेत, कारण राठ लोकरीला भाव नाही. कातरलेली लोकर कित्येकदा बांधावरच टाकून देतात. तुमच्या घरात जुनं घोंगडं असेल आणि ते कुणी विणलं हे आजी-आजोबांना आठवत असेल, तर व्हॉइस नोट करून पाठवा. पुढचा भाग सणगरांच्या मागावर करायचाय.