बिनकेसाळ उंदीर आणि आपली तंबाखू



निपाणीचा इतिहास सांगताना बिडी-तंबाखूची पेठ, वखारींतून राबणाऱ्या स्त्रिया आणि १९८१ चे तंबाखू उत्पादकांचे आंदोलन यांचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. त्याच इतिहासाचे एक पान मुंबईच्या प्रयोगशाळेत, एका बिनकेसाळ उंदराच्या कातडीवर लिहिले गेले. ते आपल्याकडे फारसे वाचले गेलेले नाही.

लंडनमध्ये सापडलेल्या अशा उंदरांची हकीकत एच. सी. ब्रुक यांनी १९२६ साली प्रसिद्ध केली. हे पिलू भावंडांसारखेच केसाळ होते. मात्र सुमारे दोन आठवड्यांनी डोक्याकडून शेपटीकडे त्याचे केस गळत जातात. एरवी केसाचे मूळ आक्रसताना त्याच्या तळाची अंकुरपेशींची गाठ त्याच्याबरोबर वर सरकते आणि नवा केस उगवविते. या उंदरात ती खालीच अडकते, संबंध तुटतो आणि केशमुळे हळूहळू नष्ट होतात. एका जनुकात विषाणूचा अंश शिरल्याने हे घडते, असे १९८८ मध्ये दिसून आले. त्याच जनुकातील दोषाने माणसाचेही केस जातात, हे १९९८ मध्ये सिद्ध झाले.

भारतीय कर्करोग संशोधन केंद्र मुंबईत १९५२ साली, डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिले. पुढे कर्करोग संशोधन संस्था म्हणून ओळखल्या गेलेल्या या केंद्रात 'बेअर' नावाचा बिनकेसाळ उंदरांचा वंश जोपासला गेला. उघड्या त्वचेवर अर्क लावणे सोपे आणि उठणारी गाठ तत्काळ नजरेस पडणारी. म्हणून तो उपयोगी.

तेथील डॉ. सुमती भिडे व सहकाऱ्यांनी मशेरी तपासावयास घेतली. तंबाखू भाजून केलेली ही काळी पूड आपल्या घरोघरी आयाबाया दातांना लावीत आल्या. तिच्या अर्काने प्राण्यांत अर्बुदे उद्भवतात, असे त्यांच्या १९८८ च्या निबंधाने दाखविले.

तंबाखूने या भागाला पैसा दिला, शाळाही उभ्या राहिल्या. त्या उपकाराची नोंद आपण ठेवतो. तशीच तिने घेतलेल्या किमतीचीही ठेवली पाहिजे. एका बाजूचा हिशेब म्हणजे इतिहास नव्हे.