एकच साल, दोन राज्यं



आपलं नागाव आंग्र्यांच्या कुलाबा संस्थानातलं. १८३८ ला दुसरे रघोजी गेले, पुढच्याच वर्षी तान्हा वारसही. राण्यांनी दत्तकाची परवानगी मागितली, कंपनी सरकारने नाकारली. १८४० ला संस्थान खालसा!

त्याच साली पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांवर राजा तिसरा कामेहामेहा याने राज्यघटना दिली. गोऱ्यांना मान्य होईल असा कागद असला तर राज्य टिकेल, हा हिशेब. १८४८ ला जमिनीची वाटणी झाली, १८५० ला परक्यांना जमीन विकत घ्यायची मुभा. उसाचे मळे वाढले, जमीन गोऱ्यांकडे गेली. १८९३ ला तिथल्याच गोऱ्या धनिकांनी अमेरिकी सैनिकांच्या आडोशाने राणी लिलिउओकलानीला गादीवरून उतरवलं.

आंग्र्यांचं राज्य वारस नाही म्हणून गेलं. हवाईत वारस होते, जमीन आधीच गेली होती. वाडीचा सौदा करताना एवढं ध्यानात ठेवा.