चुन्याची पुडी: पहिल्या मिनिटापासून अठराव्या दिवसापर्यंत

(प्रसंग प्रातिनिधिक, नेत्ररुग्णालयांना तो ओळखीचा.)

संध्याकाळी ६.४०. आजोबांची तंबाखू मळून झाली, चुन्याची पुडी ओसरीवरच राहिली. पाच वर्षांच्या नातवाने ती दोन्ही तळव्यांत दाबली. फट्‌ आवाज झाला आणि चुना थेट उजव्या डोळ्यात.

६.४१. चुन्याचा सामू १२ च्या वर. पेशींच्या आवरणातल्या चरबीचा अक्षरशः साबण व्हायला लागतो. पारपटल मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड.

६.४५. दारात माठ आहे, तांब्या आहे. पण कुणी म्हणतं मध घाला, कुणी म्हणतं तूप. साधं पाणी ओता, असं कुणीच म्हणत नाही. पुढची सगळी औषधं मिळूनही या पहिल्या मिनिटांची भरपाई होत नाही.

८.२०. तालुक्याच्या गावी सलाइन लावलं जातं, शिरेत नव्हे, डोळ्यावर. अर्धा तास धुऊनही लिटमस निळाच. वरची पापणी उलटून पाहिली तर आत खोबणीत ओल्या चुन्याची गुठळी चिकटलेली, दोन तासांहून जास्त वेळ झिरपणारी. ती कापसाच्या बोळ्याने काढावी लागली.

रात्री ११. डोळा लाल नाही, पांढराफटक. घरच्यांना हायसं वाटतं, डॉक्टरांना मुळीच नाही. पारपटलाच्या कडेच्या रक्तवाहिन्या जळल्यात म्हणून तो पांढरा. वरचं आवरण नव्याने पुरवणाऱ्या मूलपेशी त्याच कडेला राहतात.

दुसरा दिवस. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची पहिली टोळी येते. पारपटलात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे त्यांना कडेकडून सरपटत यावं लागतं. आवतण देतं ते जळलेलं कोलॅजेनच: त्याचे तीन-तीन अमिनो आम्लांचे तुकडे या पेशींना ओढतात, हे अमेरिकी नेत्रतज्ज्ञ रॉसवेल फिस्टर यांच्या गटाने दाखवलं. पेशी विकरं सोडतात. ती मेलेलं कोलॅजेन कापतात, शेजारचं धडधाकटही कापतात. त्यातून नवे तुकडे, म्हणजे नवं आवतण. राडारोडा उचलायला बोलावलेल्या गड्यांनी भिंतीही पाडाव्यात, तशातला प्रकार.

म्हणून स्टेरॉइडचे थेंब, दर तासा-दोन तासांनी. सोबत क जीवनसत्त्व, कारण कोलॅजेन विणायला ते लागतं आणि भाजलेल्या डोळ्यात ते घटतं. पांढऱ्या पेशी समूळ हटवून मात्र भागत नाही. मागून येणारे मॅक्रोफेज मेलेले न्यूट्रोफिल गिळतात, पुढे दुरुस्तीचे संदेशही सोडतात. (नको त्या रक्तवाहिन्या पारपटलात ओढून आणणारेही तेच.)

आठवा दिवस. न्यूट्रोफिलांची दुसरी लाट सुरू होते, पहिलीपेक्षा मोठी. तिचा जोर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात.

दहावा दिवस. तपासणीची तारीख. जखमेवर आवरण अजून धरलेलं नसेल, तर आता स्टेरॉइड आवरतं घ्यायचं, कारण ते कोलॅजेनची विणही थांबवतं. पण पोरगं खेळतंय, दुखत नाही, एसटीचं भाडं कशाला? दुकानातून त्याच थेंबांची नवी बाटली येते.

अठरावा दिवस, दुपार. ‘सारखं पाणी गळतंय’ म्हणून आई त्याला घेऊन आली. डॉक्टरांनी पिवळा रंग लावून निळ्या उजेडात पाहिलं. पारपटलाच्या खालच्या भागातून हिरवट, केसाएवढी धार ओघळत होती. ते अश्रू नव्हते.