इंद्रवेल्ली परिसरातील स्मरणदिन : तिथी आणि तारीख



इंद्रवेल्ली मंडळात व त्याच्या आसपास वर्षभरात जे प्रमुख स्मरणदिन पाळले जातात, त्यांची माहिती येथे संक्षेपाने देत आहोत. यांतील काही दिवस पंचांगातील तिथीनुसार येतात, तर काही इंग्रजी तारखेनुसार. या भेदामागे कारण आहे, आणि ते समजून घेतल्यास या भूमीचा इतिहास अधिक स्पष्ट होतो.

पौष अमावास्या – श्री नागोबा महापूजा

इंद्रवेल्लीजवळील केस्लापूर येथे मेसराम कुळातील गोंड बांधव पौष अमावास्येच्या रात्री नागोबाची महापूजा करतात. त्यासाठी गोदावरीचे जल अनवाणी पायी यात्रा करून आणले जाते. कुळात नव्याने आलेल्या सुनांची देवाशी भेट याच वेळी घडविली जाते. मेसराम कुळाने स्वतःच्या वर्गणीतून उभारलेल्या दगडी मंदिराची प्रतिष्ठापना २०२२ मध्ये झाली. जत्रेतील दरबार मात्र निजामाच्या काळातील आहे. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हैमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने १९४० च्या दशकात तो सुरू झाला. अधिकाऱ्यांनी देवाच्या दारी येऊन आदिवासींची गाऱ्हाणी ऐकावीत, हा त्याचा हेतू.

आश्विन पौर्णिमा – कोमराम भीम पुण्यतिथी

जल, जंगल व जमीन यांवरील हक्कासाठी निजाम राजवटीविरुद्ध उभे राहिलेले कोमराम भीम १९४० मध्ये जोडेघाट येथे पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. त्यांच्या मृत्यूची इंग्रजी तारीख निरनिराळ्या पुस्तकांत निरनिराळी आढळते. गोंड समाजाने मात्र पौर्णिमा लक्षात ठेवली. म्हणूनच आजही पुण्यतिथी आश्विन पौर्णिमेस, म्हणजे आपल्या कोजागिरीच्या दिवशी, जोडेघाटी पाळली जाते. हे स्थान आता त्यांच्याच नावाच्या कोमराम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे.

११ जानेवारी – मारलवाई

भीम यांच्या उठावानंतर निजाम सरकारने हैमेनडॉर्फ यांना या भागाच्या अभ्यासासाठी पाठविले. त्यांच्या प्रयत्नांतून हजारो गोंड कुटुंबांना जमिनीचे पट्टे मिळाले आणि मारलवाई येथे गोंडी भाषेतून शिकवू शकणारे शिक्षक तयार होऊ लागले. त्यांच्या पत्नी बेटी एलिझाबेथ यांचे ११ जानेवारी १९८७ रोजी निधन झाले. त्यांची समाधी मारलवाईतच आहे. १९९५ मध्ये निवर्तलेल्या हैमेनडॉर्फ यांच्या अस्थीही २०१२ मध्ये तेथेच आणण्यात आल्या. ग्रामस्थ दरवर्षी या दिवशी दोघांस आदरांजली वाहतात.

२० एप्रिल – इंद्रवेल्ली हुतात्मा दिन

पट्टे मिळूनही जमिनी हातून जाऊ लागल्या. बाहेरून आलेले शेतकरी, व्यापारी व सावकार येथे स्थिरावले. त्यांत महाराष्ट्रातून आलेलेही होते, हे आपण मराठी भाषिकांनी विसरू नये. अनुसूचित क्षेत्रातील जमिनीचे बिगर-आदिवासींकडे हस्तांतर रोखणारा १९५९ चा नियम १९७० मध्ये अधिक कडक झाला, परंतु त्याची अंमलबजावणी अपुरी राहिली. या प्रश्नावर गिरिजन रयतु कुली संघमने २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीत सभा ठरविली. सभेस परवानगी नाकारण्यात आली. तो सोमवार, आठवडी बाजाराचा दिवस होता, आणि खेड्यापाड्यांतून लोक आलेले होते. पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी नोंदीनुसार १३ जण मृत्युमुखी पडले. नागरी हक्क संघटनांनी सांगितलेला आकडा त्याहून कितीतरी मोठा आहे.

पंचांग पाहता तो दिवस चैत्र वद्य प्रतिपदेचा होता, तरीही तो तारखेनेच स्मरला जातो. ही घटना बंदीहुकूम, सरकारी निवेदने व वृत्तपत्रे यांतून नोंदली गेली, आणि तेथे तिथी नसते, तारीख असते. हुतात्म्यांच्या स्मरणार्थ उभारलेला स्तूप १९८० च्या दशकात एकदा पाडला गेला व पुन्हा बांधण्यात आला. पुढे अनेक वर्षे या दिवशी जमावबंदी लागू होत असे, त्यामुळे आप्तांनाही तेथे मोकळेपणी फूल वाहता येत नसे. २ फेब्रुवारी २०२४ रोजी मुख्यमंत्री ए. रेवंत रेड्डी यांच्या हस्ते स्तूपापाशी स्मृतिवनाची पायाभरणी झाली.

श्राद्धासाठी आपण मृताचे नाव व तिथी जपतो. ज्यांची नावे यादीतही आली नाहीत, त्यांच्यासाठी तारीख तरी जपली जावी, असे आम्हांस वाटते. दरबारात गाऱ्हाणे ऐकले जावे यासाठी जो प्रयत्न या भूमीत झाला, त्याच भूमीत गाऱ्हाणे मांडण्यास निघालेल्यांवर गोळी चालली. हे दोन्ही दिवस एकत्र स्मरणात ठेवले पाहिजेत. नागोबाच्या दर्शनास येणाऱ्या भाविकांनी इंद्रवेल्लीच्या स्तूपापाशी क्षणभर थांबून नमन करावे, ही नम्र विनंती.