उच्च रक्तदाब : अमेरिकेतील कृष्णवर्णीय पुरुषांमधील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कृष्णवर्णीय पुरुषांना हा विकार गोऱ्यांच्या मानाने कमी वयात जडतो आणि अधिक उग्र असतो. पक्षाघात, हृदयाची दुर्बलता व मूत्रपिंडे निकामी होणे हे त्याचे नित्याचे परिणाम होत. हा दोष वंशाच्या रक्तातच आहे, अशी समजूत वैद्यकात दीर्घकाळ रूढ होती. परंतु रिचर्ड कूपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, ज्यांचे मूळ पश्चिम आफ्रिकेचेच अशा प्रौढांपैकी त्या भूभागात १६, कॅरिबियन बेटांत २६ आणि अमेरिकेत ३३ टक्के लोक उच्च रक्तदाबाने ग्रस्त आढळले, तेव्हा स्थूलता, खारट आहार आणि एकंदर जीवनपरिस्थिती यांचा विचार करणे भाग पडले. मूत्रपिंडाच्या विकारात आनुवंशिकतेचा वाटा आहेच. पण सारा बोजा तिच्यावर टाकणे अन्यायाचे होय.

औषधे जुनी, परिणामकारक आणि बहुतांशी स्वस्त आहेत. अडते ते रोगी आणि दवाखाना यांच्यामधल्या अंतरात, आणि त्या अंतरामागे अविश्वासही आहे. अॅलाबामातील टस्कीगी येथे सरकारी आरोग्यखात्याने १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे उपदंशग्रस्त कृष्णवर्णीय पुरुषांना उपचारांवाचून ठेवले. त्या समाजाच्या अविश्वासाला असा सबळ आधार आहे, आणि तो अडाणीपणाच्या सदरात घालणे सर्वथा गैर आहे.

या दृष्टीने डॉ. रोनाल्ड व्हिक्टर यांनी लॉस एंजेलिस परिसरातील ५२ केशकर्तनालयांत ३१९ पुरुषांवर केलेला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग फार मोलाचा आहे. ओळखीचा न्हावी गिऱ्हाइकाला उपचार घेण्याची गळ घाली. दुकानातच आलेला औषधतज्ज्ञ दंडाला पट्टा बांधून दाब मोजी, डॉक्टरांशी झालेल्या करारान्वये औषध लिहून देई आणि रक्तातील क्षारांची तपासणीही तेथेच करी. सहा महिन्यांत या गटाचा वरचा दाब सरासरी १५३ वरून १२६ वर उतरला. ज्या दुकानांत न्हाव्याने केवळ आहारविहाराचा उपदेश करून डॉक्टरांकडे जाण्यास सुचवले, तेथे तो १५५ वरून १४५ वरच थांबला. १३० व ८० या मर्यादेखाली पहिल्या गटातील सुमारे ६४ टक्के पुरुष आले, दुसऱ्यातील जेमतेम १२ टक्के.

औषधयोजनेत मूत्रल गोळ्या किंवा अॅम्लोडिपिनसारख्या कॅल्शियमरोधक गोळ्यांपासून प्रारंभ करतात आणि बहुधा दोन वा अधिक औषधे लागतात. २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या ‘ऑलहॅट’ चाचणीत केवळ लिसिनोप्रिलवर आरंभ केलेल्या कृष्णवर्णीय रुग्णांत पक्षाघाताचे प्रमाण क्लोरथॅलिडोन या मूत्रल औषधाच्या मानाने ४० टक्के अधिक आढळले होते. रक्तदाबाने मूत्रपिंडे आधीच बाधित झालेली असल्यास मात्र रॅमिप्रिलसारखे लिसिनोप्रिलच्याच वर्गातील औषध उपकारक ठरते. त्याने ओठ, जीभ वा घसा सुजण्याचा प्रकार कृष्णवर्णीयांत अधिक संभवत असल्यामुळे, तसे लक्षण दिसताच ते कायमचे बंद करून तातडीने इलाज करावा लागतो.