मॉनिटरवरचे आकडे आणि बेडवरचा माणूस

अतिदक्षता विभागाबाहेर बाकड्यावर रात्र काढणाऱ्या नातेवाइकांशी बोला, किंवा आत ड्यूटीवर असलेल्या निवासी डॉक्टरांशी बोला. उपचारांबद्दलची एक समजूत दोघांच्याही मनात पक्की असते. शरीराचे जे माप बिघडले आहे ते नॉर्मलवर आणायचे; जितक्या लवकर आणि जितके पूर्ण आणता येईल तितके बरे. ऑक्सिजन कमी पडतो तर वाढवा, साखर चढली तर उतरवा, हिमोग्लोबिन घसरले तर रक्त चढवा, क्रिएटिनिन वाढले तर डायलिसिस लावा. सकाळच्या रिपोर्टात आकडे सुधारले म्हणजे रुग्ण सुधारतो आहे, असे दोघेही धरून चालतात. गेल्या सुमारे 25 वर्षांतल्या मोठ्या चाचण्यांनी हे मत वारंवार खोटे ठरवले आहे. तरीही ते आपल्या रुग्णालयांत ठाण मांडून बसले आहे, म्हणून त्याचे खंडन करणे भाग आहे.

आधी पूर्वपक्ष न्यायाने मांडू. 1952 साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भीषण साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांच्या घशात नळी घालून हाताने श्वास द्यावा, असे ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने सुचवले. शेकडो वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून रबरी फुगा दाबत रुग्ण जगवले आणि त्याच अनुभवातून अतिदक्षता विभाग उभा राहिला. म्हणजे या शाखेचा जन्मच थांबलेले कार्य बाहेरून चालवण्यातून झाला. शिवाय बिघडलेले आकडे आणि मृत्यू यांचा संबंधही खरा आहे. ज्याचे रक्तातले मापन जास्त बिघडलेले, त्याचा धोका जास्त. मग आकडा दुरुस्त केला की धोका टळेल, असा निष्कर्ष कुणीही सहज काढेल.

चूक याच पायरीवर होते. बिघडलेला आकडा ही बऱ्याचदा आजाराच्या तीव्रतेची खूण असते. खूण पुसल्याने आजार हटतोच असे नाही, आणि ती पुसण्याच्या उपायाची किंमत शरीराला वेगळी मोजावी लागते.

पहिला पुरावा फुफ्फुसाचा. न्यूमोनिया किंवा सेप्सिसमुळे दोन्ही फुफ्फुसांत पाणी भरते, त्या अवस्थेला एआरडीएस म्हणतात. पूर्वी अशा रुग्णाला व्हेंटिलेटरवर मोठे श्वास दिले जात, कारण त्याने रक्तातला ऑक्सिजन चांगला दिसे. 2000 साली अमेरिकेतल्या एआरडीएस नेटवर्कने 861 रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. एका गटाला दर किलोमागे 12 मिलिलिटरचा श्वास, दुसऱ्याला 6 मिलिलिटरचा. पहिल्या काही दिवसांत ऑक्सिजनचे आकडे मोठ्या श्वासाच्या गटात सरस होते. मृत्यू मात्र त्याच गटात जास्त झाले: 39.8 टक्के, तर लहान श्वासाच्या गटात 31 टक्के. रोज सकाळी रिपोर्ट पाहून कोणता गट बरा चालला आहे असे विचारले असते, तर जाणकारांनीही चुकीच्या गटाकडे बोट दाखवले असते.

हे असे का झाले, ते खाटेजवळ जाऊन पाहू. 160 सेंटिमीटर उंचीची एक बाई आहे, वजन 80 किलो. हिशोब वजनकाट्यावरून करायचा नसतो, कारण माणूस जाड झाला म्हणून त्याची फुफ्फुसे वाढत नाहीत. उंचीवरून तिचे अपेक्षित वजन येते साधारण 52 किलो. तिला 6 च्या हिशोबाने सुमारे 315 मिलिलिटरचा श्वास बसतो. कुणी काट्यावरचे 80 किलो धरून 12 ने गुणले तर तो आकडा 960 वर जातो, म्हणजे तिप्पट. आजारी फुफ्फुसाचा बराचसा भाग मिटलेला असतो. उघडा राहिलेला भाग इतका थोडा असतो की इटलीच्या लुचानो गात्तिनोनी यांनी त्याला बाळाचे फुफ्फुस म्हटले. सगळी हवा त्या उरलेल्या भागात घुसते, त्याला ताणते, फाडते, आणि तिथून सुटलेला दाह मूत्रपिंड-यकृतापर्यंत पोचतो. मॉनिटरवर ऑक्सिजन 98 दिसत असताना हे चाललेले असते.

दुसरा पुरावा आफ्रिकेतून आला. तीव्र तापाने शॉकमध्ये गेलेल्या मुलाला झटपट सलाईनचा मोठा डोस द्यावा, हा जगभरचा शिरस्ता. युगांडा, केनिया आणि टांझानियात 3,141 मुलांवर तो तपासला गेला आणि 2011 साली निष्कर्ष आले. झटपट सलाईन दिलेल्या मुलांमध्ये शॉकची लक्षणे तासाभरात जास्त प्रमाणात निवळली. पण 48 तासांत त्यांच्यातली सुमारे 10.5 टक्के दगावली, संथपणे सलाईन दिलेल्यांतली 7.3 टक्के. डेंग्यूचा शॉक किंवा हगवणीने कोरडे पडलेले मूल यांना हा निष्कर्ष लावता येत नाही. तिथे पाणी हाच उपचार. पण ‘आधी लिटरभर सोडा, मग बघू’ या सवयीला त्या मुलांनी कायमचे प्रश्नचिन्ह लावले.

तिसरा पुरावा साखरेचा. 2001 साली बेल्जियममधल्या लूव्हेन इथल्या चाचणीत इन्सुलिनने साखर काटेकोर नॉर्मल ठेवल्यावर मृत्यू कमी झाले आणि जगाने तो पायंडा उचलला. 2009 च्या ‘नाइस-शुगर’ चाचणीने 6,104 रुग्णांत उलटे दाखवले. काटेकोर गटात 27.5 टक्के मृत्यू, साखर 180 पर्यंत चालवून घेतलेल्या गटात 24.9 टक्के. साखर एकदम घसरण्याचा धोका काटेकोर गटात कितीतरी पट अधिक होता. पुढे लूव्हेनच्याच गटाने सुधारित पद्धतीने 9,230 रुग्णांची चाचणी केली. 2023 मध्ये त्यांनीच फरक पडत नसल्याचे जाहीर केले.

बाकीची उदाहरणे भराभर सांगता येतील. 1999 च्या कॅनडातल्या चाचणीत हिमोग्लोबिन 7 च्या खाली गेल्यावरच रक्त दिलेल्या रुग्णांचे, 10 च्या वर ठेवलेल्यांच्या तुलनेत, काही बिघडले नाही. 2000 साली शिकागोत गुंगीचे औषध रोज सकाळी थांबवून रुग्णाला जागे करून पाहिले, तर व्हेंटिलेटरवरचे दिवस 7.3 वरून 4.9 वर आले. 2020 च्या चाचणीत डायलिसिस लवकर सुरू करून जीव वाचले नाहीत. उलट वाट पाहिलेल्या गटातल्या सुमारे 38 टक्के रुग्णांना ते लागलेच नाही.

आपल्या घरातला दाखला सर्वांना आठवत असेल. कोरोनाच्या साथीत, एप्रिल 2021 मध्ये, पुण्या-मुंबईत माणसे रेमडेसिविरसाठी औषधाच्या दुकानांपुढे रात्रंदिवस रांगा लावून उभी होती, प्लाझ्मासाठी फोन फिरवत होती. प्लाझ्माचा उपयोग होत नाही, हे आयसीएमआरने देशातल्या 39 रुग्णालयांत 464 रुग्णांवर तपासून 2020 मध्येच दाखवले होते. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला रेमडेसिविरने फायदा झाल्याचे दिसले नव्हते. आणि काही रुपयांत मिळणाऱ्या डेक्सामेथासोनने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतला मृत्युदर 41.4 वरून 29.3 टक्क्यांवर आणल्याचे ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने आदल्या वर्षीच सिद्ध केले होते. दागिने मोडून इंजेक्शन आणणाऱ्या मुलाचा त्यात दोष नव्हता. महाग आणि दुर्मिळ तेच जीव वाचवते, ही समजूत त्याला आपण सर्वांनी दिली होती.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप: मग अतिदक्षता विभाग हवाच कशाला, सगळी लुबाडणूकच का? हे दुसरे टोक तितकेच चुकीचे. 2013 साली फ्रान्सच्या क्लोद गेराँ यांनी दाखवले की गंभीर एआरडीएसच्या रुग्णाला दिवसातले सोळा तास पालथे झोपवले तर 28 दिवसांतले मृत्यू 32.8 वरून 16 टक्क्यांवर येतात. यासाठी नवे यंत्र लागत नाही. लागतात चार-पाच माणसे, जी नळ्या सांभाळत रुग्णाला एका लयीत वळवतील, आणि रात्रभर जागी राहणारी सिस्टर. सेप्टिक शॉकमध्ये अँटिबायोटिकला उशीर करणे तर अक्षम्यच. तेव्हा ‘कमी करा’ हाही मंत्र नव्हे.

दुसरा आक्षेप अनुभवी डॉक्टरांचा: चाचणी सरासरी सांगते, माझा रुग्ण सरासरी नाही. हे खरे आहे, आणि चाचण्यांनीही ते मान्य केले आहे. हृदयविकाराचा झटका आलेल्यांना थोडे जास्त रक्त देण्याकडे 2023 च्या एका मोठ्या चाचणीचा कल झुकला. पण अपवाद मानायचा तर त्याचे कारण केस पेपरवर लिहिता आले पाहिजे. ‘आकडा बरा दिसत नव्हता’ हे कारण आता पुरत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा, आणि तो क्वचितच उघड बोलला जातो. काहीतरी केले नाही तर उद्या जाब विचारला जाईल, ही भीती. रक्ताची पिशवी लावलेली दिसते. न लावण्यामागचा विचार दिसत नाही. संतापलेल्या जमावाला तर तो मुळीच दिसत नाही. ही भीती घालवायची जबाबदारी डॉक्टरांइतकीच आपली आहे. ‘आज काय नवीन चालू केले?’ या प्रश्नाबरोबर ‘आज काय बंद करता आले?’ हेही नातेवाइकांनी विचारले पाहिजे. गुंगी उतरवून पाहिली का, नळी काढता येईल का, ही तपासणी रोज कशासाठी? आणि डॉक्टरांनी थांबण्याचे कारण बाहेर येऊन, बसून, सोप्या मराठीत सांगितले पाहिजे.

सिद्धान्त एवढाच: अतिदक्षता विभागातल्या प्रत्येक उपायाने आपली जागा रुग्णाच्या जगण्यातून आणि घरी चालत जाण्यातून सिद्ध करावी, आकड्याच्या सुधारण्यातून नव्हे. ज्या रुग्णांनी स्वतः किंवा ज्यांच्या आप्तांनी या चाचण्यांना संमती दिली, त्यांतले कित्येक वाचले नाहीत. त्यांच्या मृत्यूंतून मिळालेले हे ज्ञान छापील राहू देणे आणि खाटेजवळ जुन्याच सवयीने वागणे, यापेक्षा मोठा हलगर्जीपणा वैद्यकात दुसरा नाही.