परवान्याची नोंद

विंचूरचा इतिहास विचारा, लोक विंचूरकर सरदारांपासून सुरुवात करतात. विठ्ठल शिवदेव, पानिपत, पेशवाई. माझ्या मोबाईलमध्ये मात्र गावाचा एक वेगळाच दस्तऐवज जमत चालला आहे.

पावसाळ्यात रात्री मी गच्चीवर पांढरी चादर टांगतो, समोर बल्ब लावतो आणि तिच्यावर येऊन बसणाऱ्या पतंगांचे फोटो काढतो. कण्हेरीच्या पानांवर वाढलेला, हिरव्या मखमलीसारखा मोठा पतंग. तागावर वाढलेला, पांढऱ्या पंखांवर लाल-काळे ठिपके मिरवणारा इवलासा. एकदा एका विद्यार्थ्याने विचारलं, "सर, याचं नाव काय?" दोन भाषा शिकवणारा मी गप्प झालो.

मराठीत सगळे 'पतंग', उर्दूत सगळे 'परवाने'. फारसीत परवाना म्हणजे पतंग आणि परवाना म्हणजे हुकूमनामाही. गझलेने पहिला अर्थ घेतला, मराठी दफ्तराने दुसरा. शेरांमध्ये परवाना शतकानुशतकं शमेवर जळतो आहे. त्याच्या पंखांचा रंग कोणता, हे विचारायची गरज शायरांना पडली नाही.

ते काम केलं एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने. कर्नल चार्ल्स स्विन्हो यांनी १८८५ मध्ये मुंबई आणि दख्खनमधल्या फुलपाखरांची व पतंगांची यादी लंडनमध्ये प्रसिद्ध केली. १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांपैकी ते एक. त्याच आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हेही होते, हे आपण वर्गात क्वचितच सांगतो. पुढे १८९२ ते १८९६ या काळात जॉर्ज हॅम्पसन यांचे भारतातल्या पतंगांवरचे चार खंड आले.

आपल्या शेतकऱ्याकडेही नावं आहेत, पण ती अळ्यांची: घाटेअळी, बोंडअळी, लष्करी अळी. या अळ्यांचे आईबाप म्हणजे पतंगच. देशात पतंगांच्या दहा हजारांहून अधिक जाती; आपण ओळखतो त्या पीक खाणाऱ्या मोजक्या. नुकसान झालं तरच नाव घ्यायचं, ही सवय किड्यांपुरतीच आहे असं मला वाटत नाही.

आता मुलं वहीत तारीख, जागा आणि जवळचं झाड लिहितात. शास्त्रीय नाव सापडेपर्यंत खुणेचं नाव देतात, एक मराठीत, एक उर्दूत. तागावरच्या त्या इवल्याशाला त्यांनी 'टिकलीवाला' म्हटलं आहे.

फोटो झाले की मी बल्ब लगेच बंद करतो. अंधार झाला की परवाने आपापल्या वाटेने निघून जातात.